घरे मोजली, माणसे राहिली



कवितेवर बोलणारा माणूस आज फुटबॉलवर बोलणार, आणि तोही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलवर, याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही थोडे वाटते आहे. पण काही गोष्टी मनात रुतून बसतात आणि सांगितल्याशिवाय सुटत नाहीत. ही त्यांतलीच एक.

२०१४ सालच्या सप्टेंबरात मी न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो होतो. त्या भागात आपली माणसे इतकी, की किराणा दुकानात ज्वारीचे पीठ मिळावे आणि रांगेत मागून मराठी कानावर पडावे. भाच्याच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. साठीतले, उंचेपुरे, बोलायला मोकळे. एका शनिवारी सकाळी त्यांच्या दारावर लाल झेंडा लागला. त्याच दिवशी रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांवरही लाल झेंडे होते, कारण जवळच्या रटगर्स विद्यापीठाचा पेन स्टेटशी सामना होता. मी त्या गृहस्थांना म्हटले, ‘आज तुमच्या कॉलेजची मॅच दिसते.’ ते हसले आणि भाच्याकडे वळून म्हणाले, ‘तुझ्या मामाला सांग, हा लाल वेगळा. हा नेब्रास्काचा.’

नेब्रास्का म्हणजे अमेरिकेच्या मधोमध असलेले मक्याचे आणि गुराढोरांचे राज्य. न्यू जर्सीपासून जवळपास दोन हजार किलोमीटर. नोकरीसाठी हा माणूस तरुणपणी इकडे आला, मुलेबाळे इकडेच वाढली. पण शनिवार आला की जीव तिकडे. मी विचारले, ‘मग रटगर्स आणि नेब्रास्का यांचा काही संबंध?’ ते म्हणाले, ‘यंदापासून आम्ही एकाच घरातले.’ आणि भाचा हळूच मला म्हणाला, ‘मामू, ही सोयरीक टीव्हीने जुळवली.’

श्रोतेहो, त्या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

आधी थोडी ओळख करून देतो. तिकडे फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर चिलखतासारखे कपडे, आणि यार्डायार्डाने पुढे सरकायचे. त्यातला कॉलेजांचा सामना हा तिथला पहिला सामना मानतात तोही याच न्यू जर्सीत झाला होता, ६ नोव्हेंबर १८६९ रोजी. रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले. तेव्हा खेळ आजच्यापेक्षा फार निराळा होता, पण वंशावळ तिथूनच सांगतात.

आपल्याकडे कॉलेजची मॅच म्हटली की शे-दोनशे पोरे आणि एखादा उत्साही प्राध्यापक. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे बसतात. ते ज्या ॲन आर्बर गावात आहे त्या गावाची वस्तीच सव्वा लाखाच्या आत-बाहेर. नेब्रास्काच्या लिंकन शहरातले मेमोरियल स्टेडियम १९६२पासून प्रत्येक सामन्याला पुरे विकले गेले, असा त्यांचा अभिमानाचा हिशेब आहे. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे ओमाहा आणि लिंकननंतरचे राज्यातले तिसरे मोठे शहर होते, असे तिथले लोक सांगतात. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना पंचक्रोशी लोटते ना, तसे तिथे सबंध राज्य लोटते.

ही विद्यापीठे आपापसांत गट करून खेळतात. त्या गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हे गट मुळात शेजारधर्मातून झाले. रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येईल, एकमेकांची ओळख असेल, थोडी खुन्नसही असेल, असे शेजारी. शिकागोच्या आसपासच्या विद्यापीठांनी १८९६मध्ये जो गट बांधला त्याचे नाव पुढे ‘बिग टेन’ पडले. पश्चिम किनाऱ्यावरच्या चौघांनी १९१५मध्ये दुसरा बांधला, तो पुढे ‘पॅक-१२’ म्हणून ओळखला गेला. शेजारी आहेत म्हणून भांडण, आणि भांडण आहे म्हणून गंमत. भावकीच्या भांडणाची चव परक्याशी भांडण्यात येत नाही, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

मग यात दूरचित्रवाणी कुठून आली?

सुरुवातीला तिच्यावर कडक पहारा होता. सामने घरी बसून दिसू लागले तर मैदानावर कोण येईल, या भीतीने कॉलेज क्रीडा महामंडळाने, म्हणजे एनसीएएने, १९५०च्या दशकापासून किती सामने दाखवायचे हे आपल्या मुठीत ठेवले होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नियम असा होता, की दोन वर्षांत एका संघाने फार तर सहा वेळा पडद्यावर दिसावे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांचे दिसणे लोकांना हवे होते, त्यांना हा नियम जाचू लागला आणि ती कोर्टात गेली. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाईट स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा नुसता धंदा नाही, विद्यार्थ्यांचा खेळ आहे, तो तसाच राखण्यासाठी थोडे बंधन हवे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. ज्याने घाम गाळला होता त्याला पुढचे दिसले असावे.

पहारा उठला आणि बाजार भरला. सामने कोणी विकायचे? एकट्यादुकट्या विद्यापीठापेक्षा गटाने विकले तर भाव जास्त. म्हणजे गट मोठा हवा. आणि गट मोठा करायचा तर कोणाला घ्यायचे? इथे दोन तराजू पुढे आले, आणि माझे सगळे बोलणे या दोन तराजूंबद्दलच आहे.

पहिला तराजू घरांचा. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेने अमेरिकेचे २१० प्रसारण-विभाग पाडले आहेत. त्यांना ‘मार्केट’ म्हणतात. सर्वांत मोठे न्यूयॉर्कचे, सत्तर लाखांहून अधिक टीव्ही-घरांचे. न्यू जर्सीचा मोठा भाग त्यातच मोडतो. दुसरा तराजू ओढीचा. किती लोक खरोखर जीव टाकून सामना बघतात, तिकीट काढतात, हरल्यावर जेवत नाहीत.

आता गंमत पाहा. ३० ऑगस्ट २००७ रोजी बिग टेनने स्वतःची वाहिनी सुरू केली. तिचा पैसा जाहिरातींतून येईच, पण मोठा भाग येई केबलच्या मासिक वर्गणीतून. ज्या राज्यांत गटाचे विद्यापीठ आहे तिथल्या प्रत्येक केबल-घरामागे वाहिनीला महिन्याला साधारण डॉलरभर. बाहेरच्या राज्यांत त्याच्या दशांश. तुम्ही ती वाहिनी बघता की नाही हा प्रश्नच नाही. ती तुमच्या पॅकेजमध्ये आहे ना, मग तुमचे पैसे गेले. आपल्याकडे केबलवाल्याच्या शंभर वाहिन्यांतल्या आपण आठ बघतो आणि शंभरांचे पैसे भरतो, तसेच.

समजा एखाद्या विभागात पन्नास लाख घरे आहेत आणि प्रत्येकाकडून महिन्याला अर्धा डॉलर आला, तर वर्षाला तीन कोटी डॉलर झाले. मग तिथे शंभरातल्या दहाच घरांना फुटबॉल आवडला तरी काय बिघडते? या हिशेबात ओढीला किंमत नाही, पत्त्याला आहे.

नेब्रास्काला २०१०मध्ये बिग टेनचे बोलावणे आले, तेव्हा दुसरा तराजू चालला होता. राज्याची लोकसंख्या तेव्हा अठरा लाखांच्या आसपास, म्हणजे घरे थोडी. पण ओढ अशी की देशभर कुठेही खेळा, लाल कपड्यांतली माणसे हजर. नोव्हेंबर २०१२मध्ये मात्र मेरीलँड आणि रटगर्स यांना बोलावले, ते पहिल्या तराजूने. मेरीलँडबरोबर वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरची घरे आली, रटगर्सबरोबर न्यूयॉर्कची. त्या आधीच्या वर्षी नेट सिल्व्हर या आकडेतज्ज्ञाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये या सगळ्या विभागांतल्या कॉलेज-फुटबॉलच्या चाहत्यांचा नकाशाच मांडला होता. न्यूयॉर्कमध्ये शेकडा थोड्यांनाच या खेळाचे वेड. पण मुळात वस्तीच एवढी की थोडे म्हणता म्हणता लाखो होतात. दक्षिणेतल्या लहान शहरांत घरटी वेड. पण घरेच कमी.

आता पुन्हा त्या गल्लीत चला. दोन शेजारी घरे. एकात माझा भाचा. तो पहाटे उठून क्रिकेट बघणारा, अमेरिकन फुटबॉलचा एक नियम त्याला सांगता येत नव्हता. दुसऱ्यात नेब्रास्काचे गुरुजी. हिशेबाच्या वहीत दोन्ही घरे सारखी: न्यूयॉर्क विभाग, रटगर्सच्या खात्यावर जमा. भाच्याच्या घरातल्या शून्य ओढीची किंमत आणि गुरुजींच्या घरातल्या जन्मभराच्या ओढीची किंमत एकच. गुरुजींची ओढ नेब्रास्काची, पण ती मोजली गेली न्यूयॉर्कच्या नावावर! ‘मामू, मी ही वाहिनी कधी लावलेली नाही,’ भाचा म्हणाला. मी म्हटले, ‘बाबा रे, म्हणूनच तू त्यांना आवडतोस. तू तक्रारही करणार नाहीस.’

यात नावांचीही मोठी करमणूक झाली. २०१२च्या हंगामात ‘बिग टेन’मध्ये बारा विद्यापीठे होती आणि ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये दहा. आज बिग टेनमध्ये अठरा आहेत. पॅसिफिक महासागराजवळची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे २०२४पासून अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळतात. आपल्याकडे रत्नागिरीचा संघ ‘विदर्भ मंडळा’त खेळला तर आपण हसू, ते हसत हसत सह्या करतात.

पण हसण्यासारखे नाही ते पुढे आहे. गट बदलले तशा जुन्या खुन्नशी तुटल्या. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांचा १९७१च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचा सामना नेब्रास्काने ३५-३१ असा जिंकला. त्याला शतकातला सामना म्हणतात. गुरुजी तेव्हा सतरा वर्षांचे. त्या दिवशी घरात कोण कुठल्या खुर्चीवर बसले होते ते त्यांनी मला सांगितले. त्यांचे वडील, काका, शेजारचा शेतकरी. त्यांतले आता कोणी नाही. पुढे गटांची फेरमांडणी झाली, आणि १९९७नंतर हा सामना दरवर्षी होईनासा झाला. मी विचारले, ‘राग येतो का?’ ते थोडे थांबून म्हणाले, ‘कोणावर येऊ? २०१०मध्ये आम्हीही जास्त पैसा आणि जास्त भरवसा बघूनच घर बदलले.’ स्वतःला वगळून न बोलणारा माणूस मला तेव्हा फार आवडला.

टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम हे तर एका राज्यातले सख्खे वैरी. २०११नंतर एक दक्षिण-पूर्वेच्या गटात गेला आणि तेरा वर्षे सामना नाही. कॅन्सस आणि मिझुरी यांचे वैर अमेरिकन यादवी युद्धाच्या आधीच्या सीमेवरच्या रक्तपातापर्यंत जाते; तेही २०११नंतर थांबले. ओक्लाहोमातली दोन विद्यापीठे १९१०पासून एकही वर्ष न चुकवता खेळत होती. नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांचा शेवटचा वार्षिक सामना झाला, धाकट्या समजल्या जाणाऱ्या ओक्लाहोमा स्टेटने तो २७-२४ असा जिंकला आणि मग दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एखाद्या गावाची जत्रा बंद पडावी तसे हे आहे. कागदावर कोणाचेच नुकसान नसते, पण गावाच्या वर्षातला एक दिवस कमी होतो.

इतक्यात बाजारानेच एक पलटी घेतली. २०११च्या सुमारास ईएसपीएन ही क्रीडावाहिनी दहा कोटी अमेरिकन घरांत होती. पुढच्या बारा वर्षांत त्यांतली जवळपास तीन कोटी घरे गेली. लोकांनी केबल तोडली आणि इंटरनेटवर हवे तेवढेच बघू लागले. माझ्या भाच्यानेही तोडली. म्हणजे न बघता पैसे भरणारे घर संपू लागले. आता मोल आले खरोखर बघणाऱ्याला. लहान गावातला वेडा चाहता मोठ्या शहरातल्या उदासीन घरापेक्षा मोलाचा ठरू लागला.

वाटले, आता तरी ओढीचा विजय होईल. तसे अर्धेच झाले. मोठ्या वाहिन्यांना आता मोठ्या नावांचे मोठ्या नावांशी सामने हवे झाले. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जायचे जाहीर केले. दोनच महिन्यांत बिग टेनने तीन वाहिनी-समूहांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांहून मोठा करार केला. यूसीएलएचा क्रीडा विभाग तोट्यात होता, त्याला हे पैसे हवेच होते. पण त्याच सरकारी कुटुंबातले भावंड, बर्कली, मागे उघडे पडले. तेव्हा विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी २०२४मध्ये ठरवले, की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत. वर्तमानपत्रांनी थट्टेने त्याला पोटगीच म्हटले.

२०२३च्या उन्हाळ्यात उरलेल्या पॅक-१२पुढे ॲपल कंपनीचा प्रस्ताव आला. सामने इंटरनेटवरून दाखवायचे, आणि किती लोक वर्गणी भरतात त्यावर रक्कम वाढायची. म्हणजे घरांऐवजी माणसे मोजणारा प्रस्ताव! पण आपल्या चाहत्यांच्या भरवशावर एवढी उडी घेण्याचा धीर विद्यापीठांना झाला नाही. ४ ऑगस्टला एका दिवसात पाच विद्यापीठे बाहेर पडली. सप्टेंबरपर्यंत बारांच्या गटात दोनच उरली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कॉर्व्हालिस आणि पुलमन ही त्यांची गावे. लहान गावे, लहान मार्केटे. १९१५मध्ये गट बांधणाऱ्या चौघांतला एक ओरेगन स्टेट. वाडा बांधणाराच शेवटी रिकाम्या वाड्यात राहिला. २०२४च्या हंगामात हे दोघेच त्या नावाखाली खेळले.

आणि खेळणारी मुले? फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, त्याला खास विमान असते. पण गट बदलला की व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस खेळणाऱ्या मुली बऱ्याचदा त्याच गटात जातात. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हे अंतर चार हजार किलोमीटरच्या घरात, मध्ये तीन तासांचा वेळेचा फरक. मधल्या वारी खेळून परत यायचे आणि सकाळी वर्गात बसायचे. या मुलींच्या नावाने एकही मार्केट मोजले गेले नव्हते. तरी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ३० ऑगस्ट २०२३ रोजी, हा बाजार ऐन भरात असताना, त्याच नेब्रास्काच्या मेमोरियल स्टेडियममध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलच्या सामन्याला ९२ हजार ३ माणसे आली. अठरा-वीस लाखांच्या राज्यात! गुरुजींनी भाच्याला त्याचा फोटो पाठवला होता, आणि खाली एकच शब्द लिहिला होता: ‘मोजा.’

मी एकतर्फी बोलतो असे वाटू नये. टीव्हीच्या पैशाने रटगर्ससारख्या विद्यापीठाला मोठ्या मैदानांवर उभे केले, लहान खेळांना खर्चायला पैसा दिला. दूर गेलेल्या माणसाला त्याचे गाव पडद्यावर आणून दिले. गुरुजींचा झेंडा न्यू जर्सीत फडकला तो त्या वाहिनीच्या जिवावरच. आणि ज्या मुलांच्या खेळावर हा सगळा व्यवहार उभा होता, त्यांना नावाचे पैसे मिळवण्याची मुभा २०२१मध्ये मिळाली आणि विद्यापीठाच्या उत्पन्नातला थेट वाटा २०२५मध्ये. बाजार मोठा झाला नसता तर त्यांचा प्रश्नही एवढा पुढे आला नसता. पण चाकरी करणाऱ्याला शंभर वर्षे थांबवून दिलेल्या हिश्श्याचे किती कौतुक करायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तुटलेले थोडे जुळतेही आहे. टेक्सासने २०२४मध्ये दक्षिण-पूर्वेचाच गट धरला, आणि त्या वर्षी ३० नोव्हेंबरला तेरा वर्षांनी दोन्ही भाऊबंद पुन्हा भिडले. टेक्सास १७-७ असा जिंकला. कॅन्सस आणि मिझुरी २०२५मध्ये पुन्हा खेळले. वाहिन्यांनाही कळले असावे, की वैर कारखान्यात तयार करता येत नाही. ते पिढ्यांनी मुरवावे लागते, लोणच्यासारखे.

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे तालमींचा फुटबॉल शाहू स्टेडियमवर बघितलेला माणूस ही गोष्ट लवकर समजतो. पेठ आणि तालीम यांचे नाते घरांच्या संख्येवर नसते. कवितेचेही तसेच. सभागृहात हजार खुर्च्या आहेत म्हणून हजार श्रोते नसतात. कधी पाऊस पडतो, बारा माणसे येतात, आणि त्या बारांतला एक जण वीस वर्षांनी एसटीत भेटून तुमची ओळ तुम्हाला म्हणून दाखवतो. तो कुठल्या विभागात राहतो हे मी कधी विचारले नाही.

गुरुजी २०२२मध्ये न्यू जर्सीचे घर विकून लिंकनला परत गेले. त्या घरात आता दुसरे कुटुंब आहे. हिशेबाच्या वहीत त्या गल्लीत काहीच बदलले नाही. घर तेवढेच, विभाग तोच. पण भाचा सांगतो, ‘मामू, शनिवारी त्या दाराकडे बघवत नाही. झेंडा नाही.’

ज्याला फुटबॉलचा एक नियम येत नव्हता, त्याला आज त्या झेंड्याची उणीव भासते. श्रोतेहो, ही ओढ कशी लागते आणि एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, हे कुठल्याही तराजूत अजून मावलेले नाही. मावू नये, असेच मला वाटते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)